जुन्या कृष्णधवल कार्टूनचं टायटल कार्ड ‘अस्सल’ ठरवण्याआधी या चुका टाळा

टायटल कार्ड म्हणजे कार्टूनच्या सुरुवातीला नाव, स्टुडिओ आणि कॉपीराइटची ओळ दाखवणारी पाटी. ब्लू-रेच्या पाकिटावर ‘मूळ टायटल्स पूर्ववत’ असं छापलं की संग्राहक निर्धास्त होतो. घोळ तिथेच होतो, कारण या एका दाव्याखाली चार निरनिराळ्या गोष्टी खपतात. पहिली, त्याच निगेटिव्हवर (ज्यावरून प्रती छापतात त्या फिल्मवर) टिकून राहिलेलं कार्ड. दुसरी, त्याच कार्टूनच्या दुसऱ्या प्रिंटमधून (छापलेल्या फिल्म-प्रतीतून) आणून जोडलेलं कार्ड. तिसरी, त्याच मालिकेतल्या दुसऱ्या कार्टूनचं कार्ड घेऊन त्यावरचं नाव बदललेलं. आणि चौथी, संगणकावर नव्याने जुळवलेली अक्षरं. पहिल्या दोन बिनदिक्कत अस्सल म्हणाव्यात. तिसरी पुनर्रचना आणि चौथी चक्क प्रतिकृती. चौथीतही गैर काही नाही, फक्त तसं सांगायला हवं.

कार्डं मुळात गेली कुठे, हे माहीत नसलं की पुढचे सगळे अंदाज चुकतात. १९५५-५६ च्या सुमारास अमेरिकी स्टुडिओंनी जुनी कार्टून्स टीव्ही वितरकांना विकली. वॉर्नरची कृष्णधवल लूनी ट्यून्स गिल्ड फिल्म्सकडे गेली, पॉपाय ए.ए.पी.कडे आणि बेटी बूपसकट पॅरामाउंटचे इतर लघुपट यू. एम. अँड एम. कडे, तिथून पुढे ते एन.टी.ए.कडे. स्टुडिओंना आपलं नाव टीव्हीवर नको होतं. म्हणून पॅरामाउंटचं डोंगराचं बोधचिन्ह, वॉर्नरची ढाल, कॉपीराइटची ओळ हे सगळं झाकलं गेलं, कापलं गेलं किंवा बदललं गेलं. बऱ्याचदा ही कापाकापी वितरणाच्या निगेटिव्हवरच झाली, त्यामुळे तिथून निघालेल्या प्रत्येक १६ मिमी प्रिंटमध्ये ती उतरली. टायटल कार्ड हा कार्टूनचा सातबारा आहे असं समजा: मालक बदलला की फेरफार होणारच, आणि प्रत्येक फेरफाराला तारीख असते.

टीव्हीवाल्यांचं कार्ड म्हणजे ‘नकली’ असं समजणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. ए.ए.पी. किंवा यू. एम. अँड एम. चं कार्ड मूळ नाही हे खरं, पण ते १९५० च्या दशकातलं खरंखुरं फिल्मवरचं कार्ड आहे. प्रिंट कधीची, कुणाच्या हातातून आली, हे तेच सांगतं. हौशी मंडळी ते कापून टाकतात आणि त्या जागी नेटवरून उचललेला डोंगर चिकटवतात. म्हणजे खरा पुरावा जातो आणि खोटा येतो. वॉर्नरने २००७ मध्ये पॉपायचा पहिला डीव्हीडी संच काढला (१९३३ ते १९३८ मधली ६० कार्टून्स), तेव्हा पॅरामाउंटची टायटल्स परत आणणं हेच त्याचं मोठं आकर्षण होतं. ते काम मूळ साहित्य शोधून करायचं असतं. तसं साहित्य हाताशी नसेल, तर ए.ए.पी.चं कार्ड तसंच राहू द्यावं, हेच जास्त प्रामाणिक.

वर्ष जुळत नाही म्हणून कार्ड बाद करणं

डिस्नेचा मिकी माउसपट ‘स्टीमबोट विली’ १८ नोव्हेंबर १९२८ ला न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरमध्ये लागला, आणि त्याच्या कार्डावर रोमन आकड्यांत १९२९ आहे. कॉपीराइटचं वर्ष आणि प्रदर्शनाचं वर्ष या दोन वेगळ्या नोंदी आहेत. डिसेंबर-जानेवारीच्या सीमेवरच्या कार्टूनमध्ये तर हा फरक अगदी सर्रास. तपासायचं असेल तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची कॉपीराइट नोंदींची सूची उघडा. १९१२ ते १९३९ च्या चित्रपटांचा एकत्र खंड आहे. त्यात नाव, दावेदार आणि तारीख मिळते. प्रदर्शनाच्या तारखेसाठी त्या काळची व्यापारी नियतकालिकं पाहा, ‘फिल्म डेली’ किंवा ‘मोशन पिक्चर हेराल्ड’. दोन्हींचे जुने अंक स्कॅन होऊन मोफत उपलब्ध आहेत.

रोमन आकडे वाचतानाही सावध राहा. शेवटी तीन एक्स आणि तीन आय असले तर ३३. मध्ये एक व्ही घुसला की ३८. धुरकट १६ मिमी प्रिंटमध्ये तो व्ही आणि शेजारचा आय एकमेकांत मिसळतात, आणि पॉपायची कार्टून्स दोन्ही वर्षांत आहेत. अशा वेळी चालती फिल्म थांबवून एकच फ्रेम न्याहाळू नका. लागोपाठच्या पाच-सहा फ्रेम एकावर एक ठेवून सरासरी काढा. ग्रेन (फिल्मवरचे बारीक कण) विरतो आणि अक्षर उघडं पडतं.

बारीक शिक्के न वाचणं

कार्डाच्या कोपऱ्यातल्या खुणा मधल्या मोठ्या अक्षरांपेक्षा जास्त बोलतात. निळ्या गरुडाचं एन.आर.ए. चिन्ह (मंदीच्या काळातल्या अमेरिकी सरकारच्या उद्योग-सावरण्याच्या योजनेचं) दिसलं तर कार्ड १९३३ चा मध्य ते १९३५ या काळातलं. मे १९३५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती योजनाच मोडीत काढली. प्रॉडक्शन कोडचा (हॉलिवूडच्या सेन्सॉर नियमावलीचा) प्रमाणपत्र क्रमांक १९३४ च्या मध्यापासून येऊ लागला. तेव्हा १९३२ च्या कार्टूनवर असा क्रमांक असेल तर ते कार्ड नंतरच्या पुनर्प्रदर्शनाचं. उलट बाजूने, १९३६ च्या कार्डावर निळा गरुड असेल तर कुणीतरी जुन्या कार्डाची पार्श्वभूमी उसनी घेतली आहे.

कॉपीराइटच्या ओळीत कंपनीचं पूर्ण नाव वाचा. पॅरामाउंट १९३० मध्ये ‘पॅरामाउंट पब्लिक्स’ झाली, पुढे दिवाळखोरीत गेली आणि १९३५ च्या पुनर्रचनेनंतर ‘पॅरामाउंट पिक्चर्स इंक.’ म्हणून उभी राहिली. १९३२ च्या बेटी बूपवर ‘पिक्चर्स इंक.’ असं असेल, तर खालची ओळ दुसऱ्या वर्षाच्या कार्डावरून आली, एवढं नक्की धरा. पुनर्रचना करणारे इथेच हमखास पकडले जातात. मधलं नाव जीव ओतून जुळवतात, पण तळाची ओळ आहे तशी राहून जाते.

डिस्नेचं गणित वितरकावरून सुटतं: मिकी १९३० मध्ये कोलंबियाकडे गेला, १९३२ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सकडे, १९३७ मध्ये आर.के.ओ.कडे. १९२९ च्या मिकीवर कोलंबियाचं नाव म्हणजे नंतरची प्रिंट. मात्र हा नियम डिस्नेच्याच दुसऱ्या मालिकेला, सिली सिंफनीजना, लावू नका, त्या १९२९ मध्येच कोलंबियाने घेतल्या होत्या.

कृष्णधवल प्रिंटवर वॉर्नरचं ‘ब्लू रिबन’ कार्ड दिसलं तर कार्टून बहुधा मुळात रंगीत असतं. ब्लू रिबनखाली रंगीत कार्टून्स पुन्हा प्रदर्शित झाली, आणि टीव्हीसाठी त्यांच्याही कृष्णधवल १६ मिमी प्रिंट निघाल्या. त्यातून मूळ ‘कृष्णधवल टायटल’ शोधायला निघालात, तर नसलेली गोष्ट शोधत बसाल.

स्वच्छ दिसतं म्हणजे खरं

जुनं कार्ड बहुधा हाताने रंगवलेलं असे, आणि कॅमेऱ्याखाली ठेवून फ्रेमगणिक टिपलेलं. त्यामुळे एकाच ओळीतली दोन ‘ई’ अक्षरं कधीच हुबेहूब सारखी नसतात. एखाद्याचा आडवा दांडा जरा जाड, एखाद्याचं टोक गोल. प्रतिमा-संपादन सॉफ्टवेअरमध्ये एक अक्षर कापून दुसऱ्यावर ठेवा. कडा तंतोतंत बसल्या तर तो बहुधा संगणकाचा फाँट आहे.

दुसरी तपासणी ग्रेनची. कार्डावरचं चित्र स्थिर असलं तरी फिल्म स्थिर नसते: प्रत्येक फ्रेमचा ग्रेन वेगळा, धूळ वेगळी, आणि गेटमध्ये (यंत्रात जिथे फ्रेम प्रकाशासमोर येते तिथे) फिल्म केसभर इकडेतिकडे हलते. पाच सेकंद कार्ड दिसतंय आणि ग्रेनचा एकही कण हलत नाही, याचा अर्थ एकच फ्रेम ताणली आहे. कधी अशा ताणलेल्या फ्रेमवर बनावट ग्रेन भुरभुरवतात. तो पकडायला सर्वांत काळ्या आणि सर्वांत पांढऱ्या भागाकडे पाहा. खऱ्या फिल्ममध्ये ग्रेन मधल्या करड्या छटांत ठळक असतो आणि टोकांना दबतो. बनावट ग्रेन सगळीकडे सारखाच पसरलेला असतो.

एआयने मोठं केलेल्या कार्डांचा सध्या पूर आहे. ‘स्टीमबोट विली’ १ जानेवारी २०२४ ला अमेरिकेत कॉपीराइटमधून मुक्त झाला, तेव्हापासून तर जास्तच. त्यात नाव चकचकीत दिसतं, पण तळाच्या बारीक ओळीत अक्षरांसारखी दिसणारी, कुठल्याच लिपीची नसलेली चित्रं उमटतात. जुन्या डिजिटल सफाईचा दोष याच्या बरोबर उलट: धूळ समजून ती बारीक रेघाच खाऊन टाकते, अक्षरांचे पातळ दांडे तुटतात. कार्टूनच्या आत हातापायांच्या रेघाही तुटलेल्या दिसल्या तर दोष कार्डाचा नाही, सफाईचा.

आवाज न तपासणं

चित्र पाहून पाहून डोळे थकतात, पण खरी चुगली बहुतेक वेळा ध्वनिपट्टी करते. ३५ मिमीच्या संयुक्त प्रिंटमध्ये (चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर असलेल्या) आवाज त्याच्या चित्राच्या २० फ्रेम पुढे छापलेला असतो, १६ मिमीमध्ये २६ फ्रेम. प्रिंट कापून नवं कार्ड जोडलं, तर पडद्यावर आधी चित्र बदलतं आणि आवाज त्यानंतर तुटतो: ३५ मिमीमध्ये सुमारे ०.८३ सेकंदाने, १६ मिमीमध्ये सुमारे १.०८ सेकंदाने. शिवाय कार्टूनच्या पहिल्या २० फ्रेमचा आवाज कापलेल्या कार्डाच्या तुकड्यावरच होता, म्हणजे तोही गेला.

आता उलटा विचार करा. प्रिंट कापलेली होती हे माहीत आहे, नवं कार्ड बसवलं आहे, आणि संगीत मात्र कुठेही न अडखळता वाहतंय. मग ते संगीत कुठून आलं? बहुधा त्याच मालिकेतल्या दुसऱ्या कार्टूनवरून. ऐकून खात्री होते: कार्डाखाली पट्टीचा खरखराट एक पातळी, कार्टून सुरू होताच दुसरी. हेडफोन लावा आणि जोडाच्या आधीचं एक सेकंद व नंतरचं एक सेकंद सात-आठ वेळा फिरवून ऐका. अक्षरं शोधत बसण्यापेक्षा हे काम लवकर होतं.

अक्षरं डावीकडे सरकलेली, म्हणून ‘मध्यभागी’ आणणं

हा दोष नसतो, पुरावा असतो. मूकपटाच्या पूर्ण चौकटीत टिपलेलं चित्र पुढे ध्वनिपट्टीसह छापलं की पट्टी डावीकडची जवळपास एक-दशांश रुंदी खाते. चौकटीचा मध्य उजवीकडे सरकतो आणि मूळची मधोमध असलेली अक्षरं डावीकडे झुकलेली दिसतात. ती उचलून मध्ये आणली की डावीकडे काय कापलं गेलं होतं याची खूणच पुसली जाते. अशी प्रिंट दिसली तर पूर्ण चौकटीची दुसरी प्रत शोधा. तीत कार्डाबरोबर संपूर्ण कार्टूनची डावी कडही परत मिळते.

घरगुती फिल्मचा मामला वेगळाच. पाथेच्या ९.५ मिमी फिल्ममध्ये टायटलच्या जागी कडेला खाच असे. प्रोजेक्टर तिथे फ्रेम धरून ठेवत असे, म्हणून टायटलला मोजक्याच फ्रेम खर्ची पडत. स्कॅनमध्ये ते कार्ड डोळ्याची पापणी लवते न लवते तोच निघून जातं. इथे फ्रेम ताणणं योग्य आहे, कारण मूळ योजनाच ती होती. घरगुती प्रती विकणाऱ्या ऑफिशियल फिल्म्सच्या प्रिंटमध्ये तर पात्रांची नावंही बदललेली: व्हॅन ब्यूरन स्टुडिओचे माणसांच्या रूपातले टॉम आणि जेरी तिथे ‘डिक आणि लॅरी’ झाले, कबी बेअर ‘ब्राउनी बेअर’ झाला. त्या नावांच्या आधारे हरवलेलं कार्टून सापडल्याची बातमी देऊ नका.

हाती फिल्म असेल तर कडेची कोडॅकची चिन्हं पाहा. वर्तुळ, चौकोन, त्रिकोण यांच्या जोड्यांतून फिल्म बनल्याचं वर्ष कळतं, पण चक्र २० वर्षांचं आहे: १९३६ आणि १९५६ ची खूण एकच. कार्डाच्या तुकड्यावर एक खूण आणि मुख्य भागावर दुसरी आढळली, तर दोन्ही वेगवेगळ्या वेळी छापले गेले. आधीच्या निगेटिव्हवरून छापून उतरलेली खूण आणि या फिल्मची स्वतःची खूण यांत गल्लत करू नका. दोन्ही एकाच कडेवर दिसू शकतात.

स्वतः कार्ड बसवणाऱ्यांसाठी

आधी आहे ती प्रिंट, टीव्हीच्या कार्डासकट, न कापता स्कॅन करून वेगळी ठेवा. नंतर त्याच कार्टूनची दुसरी प्रत शोधा. फक्त कार्ड शाबूत असलेली, बाकी फाटकी प्रतही चालते. कार्ड किती वेळ होतं हे अंदाजाने ठरवू नका. त्याच मालिकेतल्या, त्याच हंगामातल्या तीन-चार शाबूत कार्टूनमध्ये फ्रेम मोजा. २४ च्या वेगाने सहा सेकंद म्हणजे १४४ फ्रेम, ३५ मिमीवर नऊ फूट. फेड (चित्र हळूहळू उजळणं किंवा काळं होणं) किती फ्रेमचा, हेही तिथूनच घ्या. सॉफ्टवेअरचा सरळ रेषेत जाणारा फेड जुन्या कॅमेऱ्यातल्या फेडसारखा दिसत नाही.

दुसऱ्या प्रतीचं कार्ड आणताना तिचा ग्रेन आणि हालचाल राहू द्या, फक्त काळ्या-पांढऱ्याची पातळी शेजारच्या दृश्याशी जुळवा. मुख्य भाग ३५ मिमीचा आणि कार्ड १६ मिमीचं असेल तर फरक दिसणारच. तो लपवायला मुख्य भाग धूसर करणं हा शुद्ध आडमुठेपणा.

आणि नोंद कार्टूनच्या शेवटी, वेगळ्या साध्या कार्डावर द्या, म्हणजे सुरुवातीच्या क्रमाला धक्का लागत नाही. मजकूर नेमका हवा, ‘पूर्ववत’ या एका शब्दावर भागवू नका: ‘मुख्य भाग: ३५ मिमी. नावाचं कार्ड: याच कार्टूनची १६ मिमी प्रिंट. कॉपीराइटची ओळ: नव्याने लिहिलेली, कॉपीराइट सूचीवरून. कार्डाखालचं संगीत: याच मालिकेतल्या दुसऱ्या कार्टूनमधून.’