तालुक्याच्या गावी जेवायचे कुठे? मराठवाड्यात फिरणाऱ्यांसाठी

मराठवाड्यातील एखाद्या तालुक्याच्या गावी उतरून 'इथे चांगले हॉटेल कोणते?' असे विचारले, तर बहुधा बायपासवरील एखाद्या वातानुकूलित फॅमिली रेस्टॉरंटचे नाव सांगितले जाते. सांगणारा फसवत नसतो. परगावच्या माणसाला शोभेल असे ठिकाण सुचवणे हा त्याच्या लेखी आदरातिथ्याचाच भाग असतो, आणि मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, ज्या गल्लीत तो स्वतः रोज भाकरी-आमटी जेवतो ती गल्ली पाहुण्याला दाखवायला त्याला संकोच वाटतो. म्हणून सुरुवात प्रश्न बदलण्यापासून करावी. 'तुम्ही स्वतः दुपारी कुठे जेवता?', 'घरी पाहुणे आले आणि मटण बाहेरून आणायचे ठरले तर कुठून आणता?', 'सकाळी चुरमुऱ्यांचा गरम सुशीला कुठे मिळेल?' अशा प्रश्नांत पदार्थ आणि वेळ दोन्ही ठरलेले असतात, त्यामुळे उत्तरही नेमके येते. विचारताना आपण मोठ्या शहरातून आलो आहोत हे मिरवू नये, नाहीतर पुन्हा पनीरच्याच दिशेने बोट दाखवले जाते.

कोणाला विचारावे, याला तितकेच महत्त्व आहे. गावातच घर असलेला माणूस सहसा घरीच जेवतो, त्यामुळे त्याची माहिती लग्नाच्या पंगतींपुरती आणि संध्याकाळच्या भज्यांपुरती असते. ज्याला पोटासाठी रोज बाहेरच जेवावे लागते त्याचे मत अधिक भरवशाचे. बदलीवर आलेला आणि कुटुंब मागे ठेवून राहणारा बँकेतील किंवा पंचायत समितीतील कर्मचारी, खेड्यातून तारखेला येणाऱ्या पक्षकारांना भेटणारा तालुका न्यायालयातील वकील, बियाणे आणि खतांच्या कंपन्यांचे प्रतिनिधी आणि या सर्वांच्या वर औषध कंपनीचे एम. आर., ही खरी जाणकार मंडळी होत. एम. आर. मंडळी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गावी असतात, त्यामुळे अंबाजोगाईत दुपारी आणि परळीत रात्री कुठे बसावे हे ते न अडखळता सांगतात. औषधांच्या दुकानात गोळी घेताना दोन मिनिटे थांबले तरी त्यांच्यापैकी कोणी ना कोणी भेटतो.

बस आणि ट्रक जिथे थांबतात तिथले जेवण चांगले, या जुन्या समजुतीवर मात्र फार विसंबू नये. लांब पल्ल्याच्या खासगी बसचा थांबा बहुतेक वेळा धाब्याच्या मालकाशी ठरलेला असतो आणि चालकाचे जेवण त्या बोलीतच येते. तिथे तो चवीसाठी थांबलेला नसतो. ट्रकचालकांच्या बाबतीत ही खूण थोडी अधिक खरी ठरते, पण त्यांना गाडी लावायला मोकळी जागा, आंघोळीला पाणी आणि एखादी बाज हवी असते. जेवणाचा विचार त्यानंतर येतो.

लहान गावांत नावांचाही एक संकेत पाळला जातो. पाटीवर 'हॉटेल' असेल तर तिथे मुख्यतः चहा आणि नाश्ता मिळतो, खानावळ, मेस किंवा भोजनालय असेल तर जेवण, आणि धाबा असेल तर बऱ्याच ठिकाणी जेवणाबरोबर दारू चालते. कुटुंबासह किंवा एकट्या बाईने प्रवास करताना ही शेवटची गोष्ट आधीच विचारून घ्यावी. 'फॅमिली' असा फलक असला तरी रात्री नऊनंतर त्या पडद्याआडच्या केबिनमध्ये कोण बसते, हे शेजारच्या किराणा दुकानदाराला पक्के ठाऊक असते.

आता मोंढा. धान्याच्या बाजाराला मराठवाड्यात मोंढा म्हणतात. जालना, परभणी, नांदेड अशा जिल्ह्याच्या ठिकाणी जुना मोंढा आणि नवा मोंढा अशी दोन ठिकाणे आढळतात. परक्या गावात पोट भरण्यासाठी माझ्या मते याहून चांगली सुरुवात नाही. दिवसभर पोती उचलणारा हमाल पातळ आमटीवर आणि दोन पोळ्यांवर भागवत नाही, आडतीवरचा मुनीम दहा रुपयांचा फरकही लक्षात ठेवतो, आणि माल घेऊन आलेला शेतकरी घरच्या चवीशी तुलना केल्याशिवाय राहत नाही. अशा तिहेरी परीक्षेला रोज उतरणारी खानावळ सहसा वाईट नसते. सोयाबीनची आवक असते त्या दिवाळीच्या आसपासच्या दिवसांत या खानावळी सर्वांत जोरात चालतात. मोंढा बंद असेल त्या दिवशी त्याही बंद किंवा सुस्त असतात, म्हणून आधी चौकशी करावी. लातूरची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे शिकवणीसाठी बाहेरगावाहून आलेल्या विद्यार्थ्यांमुळे घरगुती मेस मोठ्या संख्येने चालतात, आणि महिन्याच्या सभासदांखेरीज एका वेळेचे ताटही अनेक ठिकाणी मिळते, मात्र सकाळी सांगून ठेवावे लागते.

घड्याळाकडे लक्ष न देणारा प्रवासी या प्रदेशात उपाशी राहत नाही, पण शिळे जेवतो. नाश्त्याची खरी वेळ सकाळी सात ते दहा. पोहे सगळीकडे मिळतात, पण भिजवलेल्या चुरमुऱ्यांना शेंगदाण्यांची फोडणी देऊन आणि डाळ्याचे पीठ भुरभुरून केलेला सुशीला त्याच वेळेत खावा, कारण तासाभराने त्याचा लगदा होतो. लातुरात गाड्यांवर मिळणारा निलंगा राईसही असाच गरमागरम खाण्याचा आहे. दुपारच्या जेवणासाठी साडेबारा ते दीड ही वेळ साधावी. दोननंतर भाकरी थापणारी बाई घरी गेलेली असते आणि मग डब्यातली भाकरी पुढे येते. संध्याकाळी पाचनंतर गाव पुन्हा भज्यांच्या कढईभोवती जमते. जिथे कढईतला घाणा निघेपर्यंत गिऱ्हाईक उभ्याने थांबते तिथे आपणही थांबावे, आणि जिथे परातीत भज्यांचा ढीग रचून ठेवलेला असतो तिथून पुढे जावे.

आत शिरल्यावर काय पाहावे? सर्वांत आधी भाकरी. ज्वारीची भाकरी मागणीनुसार थापली जात असेल तर तिचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत येतो, आणि ती तव्यावरून थेट ताटात येते. रब्बीची नवी ज्वारी बाजारात आल्यावर, म्हणजे साधारण मार्चपासून पुढे, भाकरीला जी गोडी असते ती पावसाळ्यात राहत नाही. हिवाळ्यात बीड, जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या बाजूला बाजरीची भाकरी मागावी. गेल्या काही दशकांत मराठवाड्यात सोयाबीन आणि हरभऱ्याचा पेरा वाढला, ज्वारी आणि करडईचा घटला. त्याचा परिणाम ताटात दिसतो. पोळी ताटात धरलेली असते आणि भाकरीचे पैसे वेगळे लावले जातात, असे आता अनेक ठिकाणी आढळते. याबद्दल कुरकूर करू नये, कारण ज्वारी महाग पडते आणि थापणारे हात त्याहून दुर्मीळ झाले आहेत. शेंगदाण्याच्या चटणीवर किंवा पिठल्यावर घालायला करडईचे तेल मागून पाहावे. ते मिळाले तर ती खानावळ जुन्या वळणाची आहे असे खुशाल समजावे.

भिंतीवरची पदार्थांची यादी जितकी लांब तितकी शंका घ्यावी. एकाच स्वयंपाकघरातून चायनीज, पंजाबी आणि 'मराठवाडी स्पेशल' असे सगळे निघत असेल, तर बऱ्याचदा सर्वांखाली एकच रस्सा असतो. उलट 'आज फक्त शेंगोळे आणि भाकरी आहे' असे सांगणाऱ्या ठिकाणी बिनधास्त बसावे. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे, दह्याबरोबरचे धपाटे, अंबाडीची भाजी, येसराची आमटी हे पदार्थ फलकावर क्वचित लिहिलेले असतात. भाजलेल्या धान्य-डाळीच्या मसालेदार पिठाची येसर आमटी तर अनेक मालक 'घरचे खाणे' म्हणून गिऱ्हाइकाला विचारतच नाहीत. आदल्या दिवशी सांगितले तर ती आवडीने करून देणारी माणसे मात्र आहेत.

मटणाच्या बाबतीत सध्या सर्वांत जास्त फसगत होते ती 'चुलीवरचे मटण' या पाटीमुळे. महामार्गावर ती इतकी झाली आहे की तिच्यावरून काहीच ठरवता येत नाही. चूल खरी आहे का, हे मागे जाऊन पाहण्यास कोणी हरकत घेत नाही, आणि घेतली तर उत्तर मिळालेच. त्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की बोकड कधी कापला आणि रस्सा कधी चढवला. धाराशिव, लातूर, बीड हा उस्मानाबादी शेळीचा मुलूख. मटणासाठी ही काळी, काटक जात प्रसिद्ध आहे. इथे ताज्या मटणाला फार मसाल्याची गरज नसते, त्यामुळे काळ्या तिखटाच्या रश्श्याबरोबर वाटीभर आळणी, म्हणजे बिनतिखटाचे मटणाचे पाणी, मागावे आणि आधी तेच चाखावे. जुने मटण तिखटात लपते, आळणीत लपत नाही. अनेक धाब्यांवर किलोच्या हिशेबाने मटण समोर शिजवून मिळते. त्याला तासभर तरी लागतो, म्हणून वाटेतूनच फोन करून सांगावे आणि वजन, शिजवण्याची मजुरी, भाकरी-भात यांचा भाव एकत्र ठरवून घ्यावा. वारही पाहावा. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मटणाचे जोराचे वार. सोमवारी, गुरुवारी, एकादशीला आणि श्रावणात खप मंद असल्याने ताजेपणाची खात्री कमी.

जिल्ह्याच्या नावावरून चव ओळखता येत नाही. शेजार कोणाचा आहे हे पाहावे लागते. कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव लागते, त्यामुळे कन्नड-सोयगावकडे शेवभाजी आणि भरीत यांवर खानदेशी हात दिसतो. आष्टी अहिल्यानगरकडे ओढलेली, तर किनवट आणि माहूर विदर्भाला लागून. देगलूर, बिलोली, धर्माबाद या पट्ट्यात तेलुगू कानावर पडते आणि ताटात भाताचा आणि चिंचेचा वाटा वाढतो. धर्माबादची बाजारपेठ लाल मिरचीसाठी ओळखली जाते, तेव्हा तिथल्या तिखटाचा अंदाज घेऊनच हात मारावा. उदगीर, निलंगा आणि उमरग्याकडे कानडी शेजार असल्याने शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी अधिक भेटते. शेजारी जे चांगले करतो तेच अशा सीमेवरच्या गावात मागावे. किनवटला जाऊन सुशीलाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

देवस्थानांच्या गावी, म्हणजे तुळजापूर, परळी, औंढा नागनाथ येथे, मंदिराच्या महाद्वारासमोरची ओळ टाळून एक-दोन गल्ल्या मागे जावे, जिथे पुजारी, फुलवाले आणि दुकानांतील नोकर जेवतात. महाद्वारासमोरच्या दुकानदाराला तेच गिऱ्हाईक पुन्हा भेटण्याची आशा नसते आणि ते चवीत कळते. माहूरला रेणुकामातेचा प्रसाद म्हणून मिळणारा विड्याचा तांबूल मात्र चुकवू नये. नांदेडला सचखंड गुरुद्वारात लंगर आहे. डोके झाकून, पंगतीत बसून कोणीही विनामूल्य जेवावे, आणि जमल्यास भांडी घासण्याच्या सेवेला थोडा वेळ द्यावा.

मोबाइलवरील नकाशे निरुपयोगी नाहीत, पण ते वेगळ्या कामाचे आहेत. जुन्या खानावळींची नोंद अनेकदा नसते, असली तर 'जय भवानी' किंवा 'न्यू' लावलेल्या एकसारख्या नावांच्या गर्दीत ती हरवते, आणि पाच तारे बहुतेक वेळा मालकाच्या मित्रमंडळींचे असतात. तारे न पाहता छायाचित्रे पाहावीत. सजावटीची छायाचित्रे जास्त आणि ताटाची कमी असतील तर समजून घ्यावे. मराठीत लिहिलेल्या, एखाद्या पदार्थाचे नाव घेऊन तक्रार करणाऱ्या अभिप्रायाला सर्वांत जास्त वजन द्यावे, कारण तो नक्की जेवलेला असतो.

पाण्याचा विचार इथे वेगळा करावा लागतो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे ध्यानात ठेवले म्हणजे उन्हाळ्यात मालकाला पाणी जपून वापरण्याबद्दल दोष द्यावासा वाटणार नाही. तरीही मार्च ते जूनमध्ये ताटे कशी धुतली जातात हे पाहावे, बर्फ घातलेले ताक टाळावे आणि पिण्याचे पाणी बंद बाटलीचे घ्यावे.

काही गोष्टी मात्र दिनदर्शिका पाहूनच ठरवाव्यात. मार्गशीर्षातील वेळ अमावास्येला लातूर आणि धाराशिव भागातील माणसे शेतात जातात. त्या दिवशी गावातल्या खानावळी बंद असतात, पण ओळखीच्या एखाद्या माणसाने शेतात बोलावले तर भज्जी, आंबील, उंडे आणि खीर असे जेवण मिळते, जे वर्षभरात कोणत्याही हॉटेलात मिळत नाही. हुरड्यासाठी डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ धरावा आणि गिऱ्हाइकापुढेच आगटीत कणसे भाजणारे शेत निवडावे. भूम तालुक्यावरून जाताना कुंथलगिरीचा खवा आणि पेढे घ्यायचे असतील तर ते परतीच्या वाटेवर घ्यावेत, कारण उन्हात ते दिवसभर गाडीत टिकत नाहीत.

एखादे ठिकाण पसंत पडले, तर त्याचे नाव लिहून ठेवणे पुरेसे नाही. कोणत्या वारी, किती वाजता, काय खाल्ले आणि त्या वेळी स्वयंपाकाला कोण होते, हेही लिहावे, आणि मालकाचा फोन क्रमांक मागून घ्यावा. पुढच्या वेळी तासभर आधी फोन केला की तवा आपल्यासाठी तापलेला असतो, आणि स्वयंपाकी बदलला असेल तर तेही जाण्याआधीच कळते.