आधी वाट, मग मांडव

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, मंडया म्हणजे गावच्या जत्रा भरायला लागतात. दिवसा बाजार, गोवारींच्या सजवलेल्या उंच ढाली, कुठं शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत आणि रात्री नाटक. वडशाच्या नाटक कंपनीची तारीख मिळवायला मंडळाची पोरं कितीतरी आधीपासून धावपळ करतात. कोणतं नाटक, लावणीला कोण, ऑर्गनवर कोण, हे सगळं ठरतं, पोस्टर लागतात. माणसं मांडवातून बाहेर कुठून पडणार, हा प्रश्न मात्र मंडईच्या दिवशी दुपारी निघतो. मी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावची पोलीस पाटील आहे. आमच्याकडे आता आधी वाट आखायची आणि मग मांडवाचा पहिला बांबू गाडायचा, असा शिरस्ता आहे. बाकीच्या गावांच्या मंडळांना उपयोगी पडेल म्हणून तो लिहून काढते.

नाटक होतं बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. धान कापून झालेलं असतं, जागा मोकळी दिसते. दिवसा दिसते तशी ती रात्री नसते. धुरे म्हणजे शेताचे बांध, धसकटं, पाण्याचा पाट, बाजूला बोडी म्हणजे छोटं तळं, एखादी बिनकठड्याची विहीर, हे सगळं अंधारात तिथंच असतं. म्हणून मंडईच्या दोन दिवस आधी फावडं घेऊन बांधीत उतरा. बाहेर जायच्या वाटेवर जेवढे धुरे आडवे येतात तेवढे वाटेच्या पूर्ण रुंदीने कापून सपाट करा. बांधीवाल्याला आधी विचारा. फूटभर फट पाडून "झालं" म्हणू नका. मागून रेटा आला की पुढचा माणूस फट शोधत नाही, तो धुऱ्याला अडखळतो आणि मागचा त्याच्यावर पडतो. बोडी आणि विहिरीच्या बाजूने बांबूचा आडोसा बांधा, त्यावर एक दिवा लावा. मांडवाचे ताणे आणि खुंट्या बाहेरच्या वाटेत येऊ देऊ नका. डेकोरेशनवाला म्हणतो, ताणा इथंच पाहिजे. त्याला वाट दाखवा आणि ताणा सरकवायला लावा. अगदीच जमलं नाही तर ताण्याला पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधा आणि खुंटीभोवती चुना टाका.

मग त्याच वाटेने रात्री नऊ वाजता एखाद्या म्हाताऱ्या बाईला आणि कडेवर लेकरू घेतलेल्या बाईला चालवून बघा. आमच्याकडे हे काम बचत गटाच्या बायका करतात. जवान पोरगा ज्या खड्ड्यावरून सहज उडी मारतो तो त्याला दिसतच नाही. बायकांना दिसतो.

आता रुंदीचा हिशेब. सपाट जमिनीवर एक मीटर रुंदीच्या वाटेतून मिनिटाला साधारण ८० माणसं बाहेर पडतात. इंग्लंडमध्ये खेळाच्या मैदानांसाठी जी मार्गदर्शिका वापरतात तिच्यात सपाट वाटेसाठी ८२ आणि पायऱ्यांसाठी ६६ हा आकडा दिला आहे. समजा मांडवात २००० माणसं आहेत आणि ती आठ मिनिटांत बाहेर निघायला हवी आहेत. ८० गुणिले ८ म्हणजे ६४०. २००० ला ६४० ने भागलं की तीन मीटरच्या थोडं वर येतं. पण हा हिशेब उजेडातल्या, हात मोकळे असलेल्या माणसांचा. आपल्याकडे माणूस पहाटेच्या थंडीत, झोपेतून उठलेला, खांद्यावर लेकरू, काखेत चादर, हातात चटई घेऊन निघतो. म्हणून मी सरळ दुप्पट धरते. सहा मीटर, आणि तेही एका जागी नाही. दोन-दोन मीटरची तीन दारं, तीन बाजूंना. एखाद्या बाजूला काही झालं तर उरलेली दोन कामाला येतात. दार म्हणजे कनात नुसती वर गुंडाळून ठेवलेली जागा, दोरीने शिवलेली नाही. फुकटे शिरतात म्हणून दार शिवून टाकायचं, हे मला अजिबात मान्य नाही. शिरले तर शिरू द्या. दारावर दोन पोरं बसवा, ती अडवतील, पण कनात बंद करायची नाही.

आत येण्याची वाट वेगळी आणि बाहेर जाण्याची वेगळी. सगळ्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. जर्मनीत डुइसबुर्ग शहरात २०१० साली लव्ह परेड नावाचा संगीत महोत्सव झाला. बोगद्यांतून येऊन एका उतारावरून मैदानात जायचं, आणि परत यायलाही तोच उतार. येणारे आणि जाणारे एकमेकांत अडकले, २१ जण गेले. तिथं लाखोंची गर्दी होती, आपल्याकडे हजारांची असते. पण आपल्याकडचं दार त्याच मानाने लहान असतं. कोचीच्या विद्यापीठात २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गाण्याचा कार्यक्रम सुरू होण्याआधीच गर्दी आत घुसली आणि दारातून खाली उतरणाऱ्या पायऱ्यांवर कोसळली. ४ जीव गेले. म्हणून दाराच्या लगेच आत पायरी, उतार किंवा धुरा नको.

तिकिटाची खिडकी दारापाशी ठेवू नका, निदान तीस-चाळीस पावलं लांब ठेवा. रांग तिकिटापाशी थांबते, दारापाशी चालत राहते. खिडकीसमोर बांबू लावून एकेका माणसाची गल्ली करा. आलूबोंड्याचे, चहाचे ठेले आणि पानठेले एका ओळीत, बाहेरच्या वाटेपासून दूर. ठेल्यापुढची गर्दी वाट ओलांडून उभी राहते आणि रात्री बारानंतर ती हलत नाही. दुकानदार गर्दीच्या तोंडाशी जागा मागणार, सरपंचाची चिठ्ठी आणणार. जागा आखून, चुन्याने नंबर घालून ठेवल्या की वाद कमी होतो.

वाटेवर कोणीतरी काकाजी अडतातच. "काऊन जी, आमाले काऊन अडवता? दरसाल इथूनच जातो." अशा वेळी हुज्जत घालणारं पोरगं तिथं नको. गावातला ओळखीचा, वयाने मोठा माणूस पाहिजे. तो म्हणतो, "काकाजी, जायची वाट तिकडं हाय, मी येतो ना तुमच्यासंगं," आणि दहा पावलं चालून देतो. शिटीपेक्षा हे चांगलं चालतं.

रात्री दीड-दोननंतरचा वेळ वेगळा असतो. निम्मे लोक झोपलेले. लेकरं चटईवर, बाया शाल पांघरून आडव्या, आणि बहुतेक सगळे पाय पसरायला मोकळ्या वाटेवरच सरकलेले. मग लावणी लागते. मागची, बाहेर चहा पीत उभी असलेली पोरं एकदम आत येतात आणि रंगमंचाकडे धावतात. कोणी बक्षीस द्यायला, कोणी मोबाइलवर शूटिंग करायला. झोपलेलं लेकरू त्यांच्या पायाखाली. मला मंडईत सगळ्यात जास्त भीती या पंधरा मिनिटांची वाटते.

यावर तीन कामं आम्ही करतो. मधली वाट दोन्ही बाजूंनी बांबू आडवा बांधून मोकळी ठेवतो आणि तिथं झोपलेल्याला उठवून बाजूला नेतो, कितीही राग आला तरी. रंगमंचापुढे, वादक बसतात त्याच्या पुढे, तीन मीटर जागा बांबूने बंद. बक्षीस द्यायचं असेल तर बाजूच्या टेबलावर नाव-पैसे द्यायचे, माइकवरून पुकारतात. आणि लावणीच्या आधीच्या प्रवेशाला कंपनीच्या मॅनेजरकडून आम्हाला निरोप येतो, तेव्हा सगळे स्वयंसेवक आपापल्या जागी उभे. हा निरोप आधी ठरवून घ्यावा लागतो. कंपनीवाले यात कधी मोडता घालत नाहीत, त्यांनाही रंगमंच शाबूत पाहिजे.

स्वयंसेवकांना गर्दी किती झाली की जास्त झाली, हे तोंडी सांगून कळत नाही. संध्याकाळी सगळ्यांना बोलवा, जमिनीवर चुन्याने एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखा आणि एकेक पोरगा आत उभा करा. चौथ्यापर्यंत वळता येतं, हात हलतो. पाचवा आला की खांदे लागतात. सहावा आला की हसणं बंद होतं, कोणालाच हात छातीपर्यंत आणता येत नाही. तेव्हा बाहेरून हलकासा धक्का द्या. सहाही जण एकदम हलतात, थांबायचं कोणाच्याच हातात नसतं. चारवर सावध व्हायचं आणि पाचच्या आत थांबवायचं, हे त्या पोरांच्या अंगाला कळतं, मग सांगावं लागत नाही. चेंगराचेंगरीत माणूस पायाखाली तुडवला जाऊन मरतो असं आपण समजतो. पुष्कळदा तो उभ्या उभ्या जातो, छाती दाबली जाते आणि श्वास घ्यायला जागा राहत नाही. नागपुरात २३ नोव्हेंबर १९९४ ला मोर्चातल्या चेंगराचेंगरीत ११४ गोवारी बांधव गेले, त्यात बाया आणि लेकरं होती. ज्यांच्या ढालींशिवाय आमची मंडई होत नाही, त्यांच्या घरांतली ही माणसं. आमच्या भागात हे कोणाला पुस्तकातून वाचावं लागत नाही.

नाटक थांबवायचा अधिकार कोणाला, हे आधी ठरवा आणि कंपनीला ती माणसं दाखवून ठेवा. आमच्याकडे तिघांना आहे: मला, मंडळाच्या अध्यक्षाला आणि रंगमंचाजवळच्या स्वयंसेवकाला. गर्दीत लाट दिसली, लेकरं डोक्यावरून पुढे दिली जायला लागली, कोणी ओरडत बांबूवर चढायला लागलं, की थांबवायचं. आधी वाद्यं बंद, मग रंगमंचावरचे दिवे पूर्ण आणि मग नटाने स्वतः बोलायचं. आमचं कोणी ऐकत नाही, नटाचं ऐकतात. त्याने म्हणायचं, "सगळ्यात मागच्यांनी पाच पावलं मागे." पुढच्यांना मागे सरका म्हणून काही होत नाही, त्यांच्या मागे जागाच नसते. मागून जागा झाली की पुढचा दाब आपोआप उतरतो. "पळा", "आग", "पडला" हे शब्द माइकवर येऊ द्यायचे नाहीत.

तुम्ही स्वतः दाबात सापडलात तर हात छातीपुढे घ्या, चप्पल गेली तर जाऊ द्या, वाकू नका. रेट्याच्या उलट जोर लावू नका. रेटा थांबला की तिरकं, कडेकडे सरका.

दिव्यांचं थोडक्यात. रंगमंच आणि माइक एका लाइनवर, बाहेरच्या वाटा दुसऱ्या. एक महावितरणची असेल तर दुसरी जनरेटरची. दोन्ही गेल्या तरी चालतील असे बॅटरीचे बल्ब तिन्ही दारांवर, आणि बॅटरीवरचा हातभोंगा रंगमंचामागे. वायर जमिनीवरून वाटेत आणू नका. जनरेटर आणि त्याचं डिझेल मांडवापासून लांब.

आग मात्र थोडक्यात सांगण्यासारखी नाही. हरियाणात डबवालीला २३ डिसेंबर १९९५ ला शाळेच्या कार्यक्रमात मांडव पेटला, ४०० हून जास्त माणसं गेली, बहुतेक लेकरं आणि बाया. मांडव सिंथेटिक कापडाचा होता, बाहेर पडायला दार एकच. आपल्याकडे त्याच कापडाच्या शेजारी तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, ढीग असतात आणि थंडीत कोणीतरी तिथंच शेकोटी पेटवतं. शेकोटीला बंदी घालून भागत नाही, कारण थंडी खरी असते. वाऱ्याच्या खालच्या बाजूला, मांडव आणि तणसापासून चांगली लांब एक जागा ठरवून द्या, लाकडं मंडळाने पुरवा आणि तिथं एक माणूस बसवा. लोक तिकडे जातात. तणस आधीच हलवून घ्या. भज्याच्या ठेल्यांचे सिलिंडर मांडवाच्या कनातीला लागून ठेवू देऊ नका. रेतीच्या बादल्या दारांपाशी आणि पाण्याचा टँकर गावाच्या बाजूला, तोंड रस्त्याकडे करून.

रस्त्याकडे तोंड हे सगळ्याच गाड्यांना लागू. ट्रॅक्टर, बैलबंड्या, मोटरसायकली वाटेच्या एकाच बाजूला लावा, दुसरी बाजू १०८ च्या रुग्णवाहिकेसाठी मोकळी. पोलीस ठाण्याला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी कळवा, बांधीत कुठून शिरायचं याचा नकाशा काढून द्या.

बायकांची मुतारी उजेडात आणि मांडवाच्या त्याच बाजूला जिथं बाया बसतात. अंधारात दूर ठेवली की त्या जात नाहीत, किंवा बांधीत जातात. आमच्या भागात वाघ आहे, ही गोष्ट कोणाला सांगायला नको. म्हणून वनविभागालाही कार्यक्रमाचं पत्र द्या. मध्यरात्री एकटादुकटा कोणी जंगलाच्या वाटेने निघू लागला तर त्याला थांबवा. आमच्या फाटकावर एक वही असते. कोणत्या गावचे लोक किती वाजता जाणार ते लिहितो आणि त्या गावचे सगळे एकत्र काढतो, मोठ्याने बोलत, टॉर्च घेऊन.

रातभर चालणारं नाटक पहाटे सुटतं तेव्हा फटफटलेलं असतं, लोक सावकाश उठतात. ऑर्केस्ट्रा किंवा कव्वाली मात्र परवानगीच्या वेळेला मध्यरात्रीच बंद होते, आणि सगळे जागे, सगळे एकदम, अंधारात निघतात. अशा कार्यक्रमाला बाहेरच्या वाटेवर जास्त माणसं लावा. शेवटचं गाणं झालं की माइक लगेच बंद करू नका. बोलणारा बोलत राहिला पाहिजे: दूरच्या गावचे आधी, पुढच्या रांगा बसून राहा, हरवलेलं लेकरू रंगमंचापाशी आहे. लेकरांच्या खिशात बापाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवायला संध्याकाळीच सांगा.

मांडव रिकामा झाला की खुर्च्यांखाली, कनातीमागे, तणसात कोणी झोपलेलं राहिलं का ते दोघांनी बघायचं. शेकोटीवर पाणी टाकायचं, राख फावड्याने उलटून बघायची. मग दुपारपर्यंत कापलेले धुरे परत बांधून द्यायचे आणि बांधीवाल्याला दाखवून त्याचं "ठीक आहे" घ्यायचं. पुढच्या वर्षीची जागा त्याच्याकडेच मागायची आहे.