छत गळायच्या आधी: वैशाखातली यादी

आधी सामान काढून ठेवा. चांगल्या उजेडाची बॅटरी, पेन्सिल, खडू, मोजपट्टी, मोबाइल, जाड मुठीचा स्क्रू ड्रायव्हर, दीड-दोन फूट स्वच्छ प्लॅस्टिक, रुंद चिकटपट्टी, आणि शिडी धरायला घरातलं एक माणूस. एवढ्यावर भागतं. खरी ओढाताण होते ती वेळेची. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमाराला लागतं, मृग ७-८ जूनला, आणि मुंबईत मोसमी पाऊस पोचायची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. वळीव तर या सगळ्यांच्या आधीच येऊन धिंगाणा घालून जातो. म्हणून छत आणि गच्ची बघायचं काम अक्षय तृतीयेच्या आसपास उरकायचं, म्हणजे डागडुजीला दोन-तीन कोरडे आठवडे हाताशी राहतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात वॉटरप्रूफिंगवाले फोन उचलत नाहीत, आणि उचलला तर सांगतील तो भाव द्यावा लागतो. कोकणात आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या, तयारीत तांदूळ, कुळीथ, सुकी मासळी, लाकूडफाटा यांच्या जोडीला घर शाकारणं, म्हणजे छप्पर नीट करून घेणंही असायचं. फ्लॅटमध्ये आल्यावर आपण कुळीथ भरतो, शाकारणं तेवढं विसरलो.

मी डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहतो. वर स्लॅब, त्याच्या वर आभाळ. तेव्हा ही यादी तोंड पोळल्यावर केलेली आहे हे समजून घ्या.

सुरुवात घरातून, आणि तीही अंधार पडल्यावर. खोलीतले दिवे घालवा, बॅटरी छताला जवळजवळ टेकवून आडवी धरा आणि उजेड छतावरून सरपटू द्या. दिवसा गुळगुळीत वाटणारं छत या उजेडात भलतंच दिसतं: कुठे रंग पापडासारखा फुगलाय, कुठे केसाएवढी भेग तुळईपासून निघून मधेच थांबलीय, कुठे जुन्या पुट्टीचं ठिगळ. फुगलेल्या जागी बोट लावलं आणि पोपडा निघून आत पांढरी भुकटी दिसली, की तो लोणा. पाणी सिमेंटमधले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणतं, स्वतः उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. म्हणजे या वाटेने पाणी एकदाच गेलेलं नाही, त्याचं येणंजाणं आहे. अजून थेंबही पडलेला नसताना ही भुकटी सापडणं हे खरं तर नशीब म्हणायचं.

डाग असेल तर तो नीट वाचा. बशीत सांडलेला चहा वाळला की मधे फिकट आणि कडेला गडद राहतो, तसाच हा. एकात एक दोन-तीन कडी दिसली तर दर सरीला पाणी थोडं पुढे सरकलंय. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा आणि शेजारी तारीख घाला. भिंत खराब होते म्हणून घरातले कुरकुरतील; करू द्या. रेघेच्या बाहेर डाग गेला की वाद उरत नाही. माझ्याकडे हॉलच्या छतावर असं कडं होतं. दिवाळीला रंगाऱ्याने पुट्टी भरून, वर दोन हात मारून ते नाहीसं करून दिलं आणि मी खूश झालो. पुढच्या जुलैत ते वीतभर मोठं होऊन परत आलं, आणि या खेपेला पुट्टीचा तुकडा घेऊन खाली पडलं.

घरात फिरताना काही जागा चुकवायच्या नाहीत. बाहेरची भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात तो कोपरा, पंख्याचा हुक, दिव्याचा पॉइंट, माळ्याचा आतला अंधारा भाग, आणि नैर्ऋत्य किंवा पश्चिमेकडच्या खिडकीचा माथा, कारण आपल्याकडे पाऊस वाऱ्याबरोबर तिकडूनच झोडपतो. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट उघडून नाकाने तपासा. कोंदट वास, पाठीच्या फळीवर काळे ठिपके, ठेवणीतल्या साडीच्या घडीवर पिवळट पट्टा. भिंतीवर काही दिसायच्या आधी कपाट सांगतं. चौकटीवरून मातीची बारीक नळी वर चढलेली दिसली तर वाळवी आहे, आणि वाळवीला ओल आवडते. फॉल्स सीलिंग केलं असेल तर मात्र काम वाढलं. ते सगळं लपवतं आणि एके दिवशी एकदम खाली येतं. मेन स्विच बंद करून एखादा गोल दिवा बाहेर काढा आणि त्या भोकातून मोबाइलचा कॅमेरा आत घालून वरच्या स्लॅबचे फोटो काढा. फॉल्स सीलिंगच्या पीओपीवर (प्लॅस्टरवर) स्क्रूंच्या जागी गंजाचे तपकिरी ठिपके उमटले असतील तर आत ओल पोचलेली आहे.

आता मोजपट्टी. प्रत्येक संशयास्पद जागेचं अंतर दोन भिंतींपासून मोजून कागदावर टिपा, कारण हाच कागद घेऊन गच्चीवर जायचंय. पण वर गेल्यावर डागाच्या नेमक्या डोक्यावर भोक सापडेल अशी आशा धरू नका. पाणी कोब्याखाली, म्हणजे स्लॅबवरच्या सिमेंटच्या थराखाली, उताराने वाहत जातं, स्लॅबमध्ये गाडलेल्या विजेच्या पाइपात शिरतं आणि वाट मिळेल तिथे, बहुतेकदा पंख्यातून, बाहेर येतं. आमच्या कड्याचं मूळ ११ फुटांवर, कठड्याच्या पायाशी निघालं.

गच्ची झाडायच्या आधी बघा, झाडल्यावर पुन्हा बघा. आधी अशासाठी, की गेल्या पावसात जिथे पाणी तुंबून राहिलं तिथे वाळलेल्या तळ्याच्या तळासारखी मातीची भेगाळलेली खपली असते. एका झाडूत हा पुरावा जातो. खपलीच्या कडेने खडूने वर्तुळ काढा. गच्चीला पाइपाकडे उतार हवा, १०० फुटांत निदान १ फूट. तो कुठे बिघडलाय हे ती खपली दाखवते. मग पावसाळी पाइपांची तोंडं. आमच्या एका पाइपातून गेल्या वर्षी सुकी पानं, मांज्याचा गुंता, कबुतराच्या घरट्याच्या काटक्या आणि एक टेनिस बॉल निघाला. साफ केल्यावर बादलीभर पाणी एकदम ओता. ते घोंगावत गेलं पाहिजे. तोंडाशी फिरत राहिलं तर खाली आणखी अडकलंय.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो कठड्याच्या पायाला. तिथे गच्ची आणि कठडा यांच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर उतार दिलेला असतो, गवंडी त्याला वाटा म्हणतात. स्लॅब उन्हाने फुगतो आणि रात्री आकसतो: १० मीटर लांबीचं काँक्रीट ३० अंशांच्या फरकाने सुमारे ३ मिलिमीटर लांब-आखूड होतं. रोज होणाऱ्या या ओढाताणीत वाटा सुटतो. नखाची कड आत जाईल एवढी फट पुरते. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने गच्चीवर ठोकत चला. टणक आवाज असेल तिथे ठीक, मडक्यासारखा बद्द आवाज आला तिथे कोबा किंवा चायना मोझॅक (फुटक्या फरशांच्या तुकड्यांचा थर) खालून सुटलंय. कठड्याच्या माथ्यावरही हात फिरवा, आडव्या भेगा तिथेच असतात. डिश अँटेनाचे बोल्ट, सोलरचे पाय, एसीचे पाइप जिथे आत जातात ती भोकं. ज्याने ड्रिल मारलं तो बुजवायला कधीच परत आलेला नसतो. आणि पिंपळ, उंबर. चार पानांचं गोजिरवाणं रोप वरून खुडलं तर पुढच्या वर्षी दुप्पट जोमाने येतं. मूळ खरवडून काढा आणि ती भेग लगेच भरून घ्या.

इथे एक प्रश्न स्वतःला विचारायचा: ही ओल पावसाची आहे कशावरून? होळीलाही डाग ओला होता का? असेल तर पावसाला उगाच बदनाम करू नका, पाण्याची टाकी किंवा पाइप बघा. रात्री टाकीचे सगळे वॉल्व्ह बंद करा, पातळीला खूण करा आणि सकाळी बघा. पातळी उतरली तर चोर सापडला. भिंत नुसतीच दमट लागत असेल तर तो प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव धरलं तर ओल भिंतीतून येतेय, खोलीकडच्या बाजूला धरलं तर हवेतली आहे. दुसऱ्यासाठी खिडकी उघडणं पुरतं.

गच्चीवर पाणी साठवून बघायचा सल्ला हमखास कोणीतरी देतं. पाइपांची तोंडं बुजवायची, दोन इंच पाणी ४८ तास ठेवायचं आणि खाली बघायचं. पद्धत चांगली, पण हिशेब करूनच. दोन इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो. १० फूट बाय १० फुटांच्या खोलीवर साडेचारशे किलोंच्या वर वजन. नव्या इमारतीत नव्या वॉटरप्रूफिंगची परीक्षा म्हणून ठीक. आमच्यासारख्या जुन्या इमारतीत, इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाही.

इंजिनिअरला तर काही खुणा दिसताच बोलवा. छतावर सरळ रेषेत गेलेली भेग आणि तिच्या कडेला तांबूस डाग, तुळईखाली फुगलेलं प्लॅस्टर, ठोकल्यावर पोकळ आवाज. आतली सळई गंजली की गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. अशा जागेखाली पलंग असेल तर आजच सरकवा. पुट्टी, रंग, फॉल्स सीलिंग यांतलं काहीही तिथे करू नका. इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून मजबुतीची तपासणी, शेवटचं कधी झालं तेही विचारा. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायटीच्या नमुना नियमांप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं.

सोसायटीचं म्हणाल तर एक पत्र. त्याच आदर्श उपविधींत पावसाच्या पाण्याची गळती संस्थेने स्वखर्चाने दुरुस्त करायच्या कामांत धरलेली आहे. “वरच्या मजल्यावाल्यांचा प्रश्न, त्यांनी बघावं” हे वाक्य सर्वसाधारण सभेत येणारच. तेव्हा पेन्सिलीच्या रेघांचे तारखांसकट फोटो, गच्चीवरच्या खडूच्या वर्तुळांचे फोटो आणि पत्राची पोच हातात ठेवा. पत्र तपासणी उरकताच द्या, म्हणजे कमिटीला दरपत्रकं मागवायला वेळ मिळतो आणि सबबीही कमी होतात.

गावचं कौलारू घर असेल तर त्याची तपासणी निराळी, आणि खरं सांगायचं तर जास्त मजेची. राजापूरकडच्या आमच्या घरात काका एकटेच असतात. गेल्या वर्षी फोनवर मी त्यांना विचारलं, “काका, कौलं बघितलीत का? मी येऊ का वर चढायला?” ते म्हणाले, “तू वर चढलास तर असलेली फुटतील. येणार असलास तर दुपारी बाराला ये आणि माळ्यावर बसून कवडसे मोज.” गेलो. माळ्याचा दरवाजा लावून घेतला, डोळे अंधाराला सरावले आणि जमिनीवर उन्हाच्या चवल्या दिसायला लागल्या. सात. एकेका चवलीच्या रेषेत वर बघत गेलं की कुठलं कौल सरकलंय, कुठलं चिरलंय ते नेमकं सापडतं. पाच माकडांनी सरकवलेली, दोन फुटकी. काकांनी खालून लांब काठीने कौलाखालची रीप (लाकडी पट्टी) ठोकून जागा दाखवली आणि कौलं परतणाऱ्या गड्याने बाहेरून बदलली. वाशांवर काळपट ओघळ, भिंतीत शिरणारं वाशाचं टोक सुरीने टोचल्यावर मऊ लागणं, दोन पाख्यांच्या मधल्या पत्र्याच्या पन्हळीत साठलेला पालापाचोळा, या तीन गोष्टी मात्र उजेडात बघाव्या लागतात. पन्हळीचा पत्रा गंजून चाळण झालेला असतो आणि वरच्या पाल्यामुळे दिसत नाही. जुनी कौलं फेकू नका. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर तिकडे कितीतरी कारखाने झाले. एकाच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कौलाला बसेलच असं नाही. पाठीवरचा छाप बघून तशीच वीस-पंचवीस कौलं पडवीत रचून ठेवा.

शेवटचं काम पहिल्या पावसाचं. वळीव दुरुस्तीची उलटतपासणी करून देतो, तेव्हा तो आला की खिडकीत उभं राहून मातीचा वास घ्या, पण पाच मिनिटंच. मग बॅटरी घेऊन त्याच सगळ्या जागी जा. पाऊस थांबल्यावर दोन तासांनी पुन्हा जा, कारण कोब्याखालचं पाणी उशिरा उतरतं. पंख्यातून किंवा दिव्यातून थेंब आला तर बटणाला ओल्या हाताने शिवू नका, त्या खोलीचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) पाडा. कुठला एमसीबी कुठल्या खोलीचा हे आजच चिठ्ठी लावून ठेवलेलं बरं. आमच्याकडे ते अंधारात शोधताना आधी फ्रिज बंद झाला, मग शेजाऱ्यांनी विचारलं तुमच्याकडे लाइट गेली का. बादली, जुने टॉवेल, पुस्तकांच्या कपाटावर टाकायला प्लॅस्टिक, हे सगळं एका जागी असू द्या. थेंब सुरू झाला की घड्याळ बघा. सरीबरोबर लगेच आला तर वाट जवळची आहे, तासाभराने आला तर लांबची. ती वेळही छतावरच्या पेन्सिलीच्या तारखेशेजारी लिहून टाका.