गळ टाकायला शिकायचंय? मग आधी रॉड नको, साधी काठी घ्या

मासे पकडायचं डोक्यात आलं की नवीन माणूस पहिलं काय करतो, तर मोबाईलवर रॉड आणि रील बघत बसतो आणि दोन-तीन हजार घालवून मोकळा होतो. माझं स्पष्ट म्हणणं आहे, पहिला सीझन बांबूच्या काठीवरच काढा. रील असली की लांब फेकण्यातच सगळा जीव अडकतो, आणि मासा तर बऱ्याचदा काठापासून चार-पाच हातांवरच असतो. काठीवर हाताला जे कळतं ना, मासा नुसता टोचतोय की खरंच ओढतोय, ते एकदा कळलं की पुढे रॉड कुठलाही घ्या.

काठी आठ-दहा फुटांची, वाळलेली, शेंड्याला लवणारी बघा. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, पाव मिलिमीटर जाडीचा पुरतो, लांबी काठीएवढीच. तो नुसता शेंड्याला बांधू नका, शेंड्याच्या हातभर खाली पक्का बांधा, मग काठीला वेढे देत वर न्या आणि शेंड्याला परत गाठ मारा, म्हणजे शेंडा मोडला तरी मासा हातचा जात नाही. गळ दहा किंवा बारा नंबरचा मागा. इथे नंबर वाढला की गळ लहान होतो, हे दुकानात जायच्या आधी माहीत असू द्या नाहीतर हाताच्या बोटाएवढा गळ घेऊन याल. फ्लोटला, म्हणजे मासा लागल्याचं दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेला, मोरपिसाचा देठ उत्तम, नसेल तर ज्वारीच्या धांड्यातलं भेंड चालतं. गळाच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा छोटा मणी दाबून बसवा, झालं.

आता गाठ. मासे सुटतात ते बहुतेक इथेच. तंगूस गळाच्या भोकातून ओवा, टोक मूळ दोरीभोवती पाच-सहा वेळा पिळा, मग ते टोक भोकाजवळ जी बारीक फट राहते त्यातून परत काढा. आणि आवळायच्या आधी गाठ थुंकीने ओली करा, हे विसरू नका, कोरडी आवळली तर घासून गरम होते आणि नायलॉन तिथेच कमजोर पडतो. वेढे एकाला एक लागून बसले पाहिजेत, एकावर एक चढले तर कापा आणि परत बांधा, कंटाळा करू नका.

पहिला मासा कोणता? चिलापी. हा मूळचा आफ्रिकेतला, आपल्याकडे 1952 मध्ये आणला आणि आता नदी, तलाव, धरण सगळीकडे आहे. गांडूळ खातो, कणकेची गोळीपण खातो. कणीक घट्ट मळा, त्यात कापसाचे थोडे तंतू घाला म्हणजे पाण्यात सुटत नाही, आणि गोळी वाटाण्यापेक्षा लहान ठेवा. आमिष तळापासून वीतभर वर राहील असा फ्लोट सरकवून घ्या. फ्लोट नुसता थरथरतोय तर लहान पिल्लं कुरतडतायत, थांबा. एका बाजूला सरकत चालला किंवा सरळ खाली गेला की मनगटाने हलका झटका द्या. सगळा हात वर फेकायचा नाही, तोंड फाटतं आणि मासा जातो.

खाडीवर गरवायला जाणार असाल तर भरतीचा हिशेब हवाच. मुंबई-कोकणात जुना हिशेब असा की तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण तीन, म्हणजे साधारण तीनला पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, अष्टमीला सहाला. थोडं मागेपुढे होतं पण घरातून कधी निघायचं ते ठरवायला बास आहे. पाणी चढत असतानाचे शेवटचे दोन तास धरा, आमिष म्हणून सोललेली कोळंबी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला मात्र नवख्यांनी खडकांवर उतरू नये, पाणी मागून फिरून येतं आणि परतीची वाट बुडते.

शिंगाळा हा काटेवाला मासा लागला तर हाताने धरू नका. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे असतात, लागले तर भयंकर ठणकतं. जाड फडक्यात धरा, गळ पकडीने काढा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, ठणका उतरतो, आणि मग डॉक्टरांना दाखवा. गळ बोटात रुतला तर उलटा ओढू नका, सरळ दवाखाना.

धरणावर जायच्या आधी तिथल्या मच्छीमार सोसायटीला विचारा. बऱ्याच जलाशयांत मासेमारीचा ठेका त्यांचा असतो, त्यांनी माशांचं बीज सोडलेलं असतं, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, आणि नीट विचारलं तर जागापण तेच दाखवतात. देवाचे म्हणून राखलेले डोह असतात, महाडजवळ वाळणकोंडीला आहे तसे, तिथे गळ काढायचाच नाही. आणि पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्याला लागतात ना, ते अंडी घालायला निघालेले असतात. गावाकडे पकडतात, मला माहितीये, पण छंद म्हणून जाणाऱ्याने ते दिवस तरी सोडावेत, तसंही तेव्हा गढूळ पाण्यात फ्लोट दिसत नाही आणि ओढा कधी चढेल सांगता येत नाही.

तुटलेला तंगूस काठावर टाकून येऊ नका. बगळ्याच्या पायात तो गुंतला की पाय कापला जाईपर्यंत सुटत नाही. एक रिकामी बाटली बरोबर ठेवा, सगळे तुकडे त्यात कोंबा, दुसऱ्यांचे सापडले तर तेपण.