गोठ्यातील गाई सुखात आहेत की नाहीत, हे कसे जोखावे

गोठ्यात पंखे किती आणि फरशी कोणती, यावरून पशुकल्याणाचा निवाडा करणे सोपे असले तरी अपुरे आहे. तपासायची ती गाय. दुधाचा आकडाही फसवतो, कारण संकरित गाय पाय दुखत असतानाही अंगावरचे मांस झिजवून काही काळ दूध देत राहते.

गाईंची वैरण खाऊन झाल्यावर, दुपारच्या वेळी, तपासणाऱ्याने गोठ्याबाहेर पंधरा-वीस मिनिटे शांत उभे राहावे. गाय दिवसाकाठी साधारण 12 तास बसते आणि 7-8 तास रवंथ करते, त्यामुळे या वेळी बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक गाई रवंथ करताना दिसायला हव्यात. एकीच्या गळ्याकडे नजर ठेवली, तर घास वर येताना स्पष्ट दिसतो. तो 50-60 वेळा चावून गिळला गेला, तर ठीक. 40 च्या आतच उरकत असेल, तर आहारात खुराक (पेंड, भरडा) जास्त आणि कडबा कमी पडत असल्याची शंका घ्यावी. उन्हाळ्यात कुशीची हालचालही मोजावी. मिनिटाला 60 पेक्षा अधिक श्वास हे उष्णतेच्या ताणाचे लक्षण होय.

त्यानंतर आत जाऊन बसलेल्या गाईंना हळूच उठवावे. गाय उठताना डोके पुढे झोकते आणि आधी मागचा भाग उचलते. दावे आखूड असेल किंवा समोर भिंत आड येत असेल, तर ती घोड्यासारखी पुढून उठू लागते. मागच्या ढोपरांवरचे केस झडलेले वा तिथे सूज असल्यास कोबा टणक आहे, असे बहुधा समजावे. चालताना पाठीला येणारी कमान ही लंगडण्याची पहिली खूण असते आणि रोज पाहणाऱ्या मालकाच्या नजरेतून नेमकी तीच सुटते.

पाण्याच्या बाबतीत हौद भरलेला आहे का, एवढेच पाहू नये. रात्री बांधलेल्या गाईचे तोंड तिथवर पोचते का, तेही पाहावे. शेवटी गव्हाणीच्या बाजूने, हात पुढे करून, सावकाश तिच्याकडे चालत जावे. चार हातांवरूनच ती मागे सरकली, तर त्या गोठ्यात काठी कशी चालते, हे वेगळे विचारावे लागत नाही.

नोंदवहीत ‘काही गाई लंगडतात’ असे न लिहिता ‘10 पैकी 3’ असे लिहावे आणि महिन्याने त्याच वेळी पुन्हा मोजावे; म्हणजे नुसते खूर तासून भागले की कोब्यावर रबरी मॅटही टाकावी लागेल, हे ठरवता येते.