गेमची स्टोरी लिहायला शिकताना मी घातलेला घोळ

ट्वाइन (क्लिक करत पुढे जायच्या गोष्टी बनवायचं टूल) पहिल्यांदा उघडलं तेव्हा डोक्यात एकच होतं, प्लेयरला भरपूर चॉईस द्यायचे. प्रत्येक सीनला तीन पर्याय, असे पाच टप्पे. हिशोब कोण करतंय आधी! शेवटच्या टप्प्यालाच २४३ सीन होतात, सगळे मिळून ३६४, आणि मी ४० लिहून म्हणजे तिसऱ्या टप्प्यालाच आडवा झालो. तेवढंच मित्राला खेळायला दिलं तर त्याला चार सीन दिसले नि संपलं, बाकीचे ३६ मी कोणासाठी लिहिले देव जाणे.

मग कळलं की फाटे फोडायचे आणि थोड्या वेळाने परत एका जागी आणायचे, फक्त मधे काय घडलं ते व्हेरिएबलमधे, म्हणजे गेमने जपलेल्या एका छोट्या नोंदीत, लक्षात ठेवायचं. दुसऱ्या वेळी मी केलं ते एवढंच: सुरुवातीला एक म्हातारी तुमचा कंदील मागते, काचेला तडा गेलेला. द्या नाहीतर ठेवा, दोन्ही रस्ते एकाच पुलावर येतात. पण दिला असेल तर पूल अंधारात चाचपडत ओलांडायचा, आणि पलीकडे एका पोराच्या हातात तडा गेलेला कंदील दिसतो. मित्र खेळता खेळता थांबला, "अरे हा माझाच ना?" एक व्हेरिएबल आणि चार जास्तीच्या ओळी, बास.

आणि चांगलं-वाईट असे सरळ पर्याय नका देऊ, लोक न वाचता चांगल्यावर क्लिक करतात. २०१५ च्या विचर ३ या गेममधे झाडात अडकलेल्या आत्म्याला सोडलं तर अनाथ पोरं वाचतात पण बॅरन नावाच्या पात्राची बायको मरते, आणि मारलं तर उलटं. हे कळतं बऱ्याच उशिरा, तोवर जुना सेव्ह लोड करायची इच्छाच गेलेली असते. डिस्को एलिझियम हा गेमपण खेळा, तिथे फासा उलटा पडला तरी गोष्ट अडत नाही, उलट कधीकधी जास्त मजा येते.

टूलचं फार टेन्शन नको, ट्वाइनला कोडिंग जवळपास लागत नाही, नंतर इंक (अशाच गोष्टी लिहायची स्क्रिप्टिंग भाषा) शिका, तेही फुकट आहे. काम मागताना दाखवायला जाडजूड डॉक्युमेंटपेक्षा पंधरा मिनिटांत खेळून होणारं काहीतरी बरं, माझं तरी तेच मत. आणि कोणी खेळत असेल तर मागे गप उभे राहा (मला अजून जमत नाही), कुठल्या पर्यायावर त्याचा माउस घुटमळतो तेवढं बघा, जिथे तो धडाधड क्लिक करत सुटला तो सीन परत लिहायला घ्या.