पगाराची स्लिप, रजेचा अर्ज आणि कामगाराचं मन

पगार जमा झाल्यावर पुढचे दोन दिवस टाइम ऑफिसच्या खिडकीशी किती माणसं येतात आणि काय विचारतात, ते एका वहीत लिहून ठेवा. ‘ओटी (जादा तासांचा पगार) कमी का लागला?’ ‘रविवारची हजेरी दिसत नाही.’ ‘ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) अजून का कापताय?’ शंभर-दीडशे माणसांच्या कारखान्यात लोकांचं कंपनीबद्दल काय मत आहे, ते या वहीत सापडतं. पगार, रजा आणि वार्षिक वाढ या तीन ठिकाणी माणूस कंपनीला जोखतो. कामातली आस्था वाढावी असं वाटत असेल, तर एचआरने सुरुवात इथूनच करावी.

पहिलं काम पगाराच्या स्लिपचं. पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यावाच लागतो, पण स्लिप त्याच दिवशी हातात पडली पाहिजे, आणि ती मराठीत हवी. उत्तरेकडची माणसं असतील तर हिंदीतही. भरलेले दिवस, साप्ताहिक सुट्ट्या, पगारी रजा, ओटीचे तास, तासाचा दर, प्रत्येक कपात आणि उचल घेतली असेल तर उरलेली बाकी, एवढं त्यात वेगवेगळं दिसावं.

सगळ्यात जास्त भांडण ओटीवरून होतं, म्हणून त्याचा हिशेब नोटीस बोर्डावर एकदा सोडवून दाखवा. बेसिक 10,400 आणि महागाई भत्ता 7,800, मिळून 18,200. भागिले 26 दिवस म्हणजे रोज 700. आठ तासांनी भागलं की तासाला साडेसत्याऐंशी रुपये. दुप्पट दराने 175. बारा तास ओटीचे 2,100 रुपये झाले. काही ठिकाणी फक्त बेसिक धरतात. मग दर 100 येतो आणि हातात 1,200 पडतात. हे नियमात बसत नाही, आणि 900 रुपयांची ही तफावत कामगाराला चहाच्या टपरीवरच कळते. त्यानंतर शिफ्ट संपायला दहा मिनिटं असताना मशीन बंद होऊ लागलं तर नवल नाही.

काही कपातींची आगाऊ सूचना द्या. महाराष्ट्रात व्यवसाय कर दरमहा 200 रुपये असतो, पण फेब्रुवारीत 300 कापतात. ते शंभर रुपये कुठे गेले, हे विचारायला दरवर्षी रांग लागते. दोन ओळींची नोटीस आधी लावली की ती टळते. पगार 21,000 च्या वर गेला तरी ईएसआयची पाऊण टक्का कपात सप्टेंबर किंवा मार्चअखेर चालूच राहते. पगारवाढीचं पत्र देतानाच हे सांगा. पुढे उपचाराला त्याचा उपयोग आहे, हेही सांगा.

‘तीन लेट मार्कला अर्धा दिवस’ ही पद्धत बंदच करा. दहा-दहा मिनिटं तीनदा उशीर झाला तर अर्धा तास होतो, आणि पगार चार तासांचा कापला जातो. गैरहजेरीच्या वेळेपेक्षा जास्त पगार कापता येत नाही. शिवाय उशीर झालेला माणूस मग ‘अर्धा दिवस गेलाच आहे’ म्हणून घरीच थांबतो.

निर्णय कडू असला तरी कारण नीट सांगितलं तर फरक पडतो. अमेरिकेत एका कंपनीच्या कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी पगार 15 टक्के कमी केले होते. जेराल्ड ग्रीनबर्ग या संशोधकाने 1990 मध्ये त्याचा अभ्यास मांडला. एका कारखान्यात दीड तास बसून आकडे दाखवले, खेद व्यक्त केला, प्रश्न घेतले. दुसऱ्यात पंधरा मिनिटांत आटोपलं. कपात दोन्हीकडे सारखीच होती, पण चोऱ्या दुसरीकडे कितीतरी जास्त वाढल्या. बोनस कमी बसणार असेल तर हा दीड तास काढाच.

रजेच्या बाबतीत ‘बघू’ हे उत्तर सर्वांत वाईट. गणपती, आषाढी, पेरणी, सोयाबीनची काढणी, छठ हे दिवस दरवर्षी ठरलेले असतात. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. म्हणून या रजांचे अर्ज 90 दिवस आधी मागवा आणि आरक्षण उघडण्याच्या आठवडाभर आधी यादी लावा. एका लाइनवरून एका वेळी किती माणसं सोडता येतील, तो आकडा आधीच जाहीर करा. मागच्या वर्षी ज्याला नाही म्हटलं, त्याचा यंदा पहिला नंबर. इतर अर्जांना दोन दिवसांत लेखी उत्तर द्या. नकार असेल तर कारण आणि दुसरी तारीखही लिहा. सुपरवायझरच्या मर्जीवर रजा सोडली की गट पडतात, आणि मग नवी मुलं पहिल्या तीन महिन्यांतच सोडून जातात.

पगारवाढीचे निकष एप्रिलमध्ये सांगा, पुढच्या मार्चमध्ये नव्हे. पत्र देताना प्रत्येकाशी पंधरा मिनिटं बोला. कंत्राटी कामगारांच्या दराबद्दल लगेच काही करता येत नसेल, तरी पाणी, जेवणाची जागा आणि सेफ्टी शूज सगळ्यांना सारखेच हवेत.

सर्वेक्षण घ्यायचं तर पाच प्रश्न पुरेत. नाव नको, आणि दहापेक्षा लहान गटाचा निकाल वेगळा दाखवू नका, नाहीतर कोण बोललं ते ओळखू येतं. पंधरा दिवसांत एक तरी गोष्ट दुरुस्त करून ती बोर्डावर लिहा. तेवढी तयारी नसेल तर सर्वेक्षण घेऊच नका. विचारून काहीच न केल्यावर पुढच्या वेळी कोरे कागद परत येतात.

राजीनामा दिलेल्या माणसाचा हिशेब वेतन संहितेप्रमाणे दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. त्यासाठी राजीनामा आला त्याच दिवशी स्टोअर, कँटीन आणि अकाउंट्सकडे ना-हरकतीचा कागद फिरवायला घ्या. महिनाभर हेलपाटे घालणारा तो माणूस गेटवर उभा दिसतो, तेव्हा आतून जाणारी अख्खी शिफ्ट त्याच्याकडे बघत असते.